पत्रिकेवर काय छापायचं

माझ्या लग्नाची पत्रिका मीच काढली. आता हे सांगितलं की नातवंडं हसतात. पण त्या काळी पोरीनं स्वतःच्या लग्नाचा विषयसुद्धा काढायचा नसे, आणि इथं मी छापखान्याच्या बाकावर बसून वर कोणतं चित्र टाकायचं यावर वाद घालत होते. माय म्हणायची, हिला देवानं लाज म्हणून दिलीच नाही. मग तिच्या लक्षात यायचं की आता देवाचं नाव काढायचं नाही, आणि ती जीभ चावायची. त्या दिवसांत आमच्या घरात सगळेच अशी जीभ चावत बोलायचे.

बाबा छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. अकोल्याला एका प्रेसमध्ये, म्हणजे कापूस दाबून गठाणी बांधतात त्या प्रेसमध्ये, ते कामाला होते. गठाणीवर मार्का मारायचं त्यांचं काम. पत्र्यात अक्षरं आणि आकडे कापलेले असत. तो पत्रा गठाणीवर ठेवायचा, वरून काळ्या शाईचा कुंचला फिरवायचा, की झाला मार्का. पत्रे कापायचेही तेच. वाचता येत नव्हतं, पण समोर ठेवलेलं अक्षर जसंच्या तसं कापायचे.

आमचं मूळ गाव दर्यापूरकडचं. तिथल्या घरात बाबांची मोठी बहीण एकटीच राहायची. माझी आत्या. लहान वयात नवरा गेला, ती माहेरी परत आली, आणि आजी वारल्यावर बाबांना तिनंच वाढवलं. घरच्या कोनाड्यात पितळेच्या पत्र्यावर उमटवलेले देव होते, आम्ही त्यांना टाक म्हणायचो. ते धुणं, पुसणं, त्यांच्यापुढं गुळाचा खडा ठेवणं हे तिचं जन्माचं काम. नागपूरहून आल्यावर बाबा गावी गेले. आत्या कापूस वेचायला गेली होती. बाबांनी टाक फडक्यात बांधले आणि पूर्णेत सोडून आले. संध्याकाळी आत्या घरी आली, कोनाडा पाहिला, आणि एवढंच म्हणाली की आजपासून माझ्या घरचं पाणीही पिऊ नको. तेव्हापासून ती अकोल्याला आली नाही आणि बाबांनाही तिच्या दारात जायचा धीर झाला नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी अमरावतीला प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. मुलगा मोर्शीकडचा, कचेरीत कारकून, त्यांच्याही घरानं दीक्षा घेतलेली. म्हणजे दोन्हीकडची माणसं नवी, आणि लग्न कसं लावायचं हे दोन्हीकडं कोणालाच धड ठाऊक नाही. हळद लावायची की नाही? मामानं मागं उभं राहायचं की नाही? मुंडावळ्यांचं काय? एकजण म्हणे हे चालते, दुसरा म्हणे हे जुन्या धर्मातलं. बाबांना या सगळ्याची फिकीर नव्हती. त्यांना एकच पाहिजे होतं, बाईनं लग्नाला यावं. बाई म्हणजे आत्या. आणि ती यावी म्हणून पत्रिका पाहिजे होती, आमच्या घरातली पहिली छापील पत्रिका. तोवर आमच्याकडं तोंडानंच आवतन जायचं.

छापखाना अकोल्यात जुन्या बाजारात होता. मालक गृहस्थ बरे होते, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. मी मजकूर लिहून नेला होता. त्यांनी वाचला आणि सवयीनं खणातून गणपतीचा ठसा काढला. बाबा म्हणाले, तो नको. मालकांनी कलश काढला. तोही नको. मग त्यांनी अख्खा खणच टेबलावर पालथा केला. केळीचे खांब, सनई-चौघडा, मोर, एकमेकांत गुंफलेले दोन हात, घोड्यावरचा नवरदेव, आणि का कोण जाणे, एक शिवणयंत्र. आमच्यासाठी त्यात काहीच नव्हतं. मालक वैतागून म्हणाले की मग वरची जागा कोरी सोडतो, मजकूर तर आहेच ना.

बाबांनी मान हलवली. "कोरं नको, साहेब. आमच्यात वाचनारे किती हायेत? मानूस चित्र पाहूनच पत्रिका ओळखते. कोरं पाहून तो म्हनन, यायनं देव टाकले न आता यायच्यापाशी काईच नाई."

'माणूस' म्हणाले, पण ते कोणाबद्दल बोलत होते हे मला कळलं. आत्यालाही वाचता येत नव्हतं. तिच्या हाती पडणार होतं ते चित्रच. मी म्हणाले, मी बुद्ध काढून आणते. मोठ्या तोऱ्यात म्हणाले. मास्तरकी शिकायच्या नॉर्मल स्कूलमध्ये ड्रॉइंगला माझा हात कोणी धरत नसे. पण तिथं शिकवली होती जास्वंद, फुलदाणी आणि वर्तुळात बसवायची नक्षी. बुद्ध कसा दिसतो हे मला माहीतच नव्हतं. घरात तसबीर नव्हती. वस्तीतल्या सभेत एक होती, पण तिच्यावर एवढे हार चढलेले असत की नाकाच्या खाली काय आहे ते मी कधी पाहिलं नव्हतं.

अमरावतीला परत आले आणि शोधायला लागले. पहिल्यांदा शाळेचं इतिहासाचं पुस्तक. त्यात एक चित्र होतं, पण छपाई अशी की काळ्या डागात एक पांढरा डाग बसलेला. डोक्यावर बारीक बारीक गोळे दिसत होते. ते केस की विणलेली टोपी, काही कळेना. माथ्यावर उंचवटा होता तो मी अंबाडा म्हणून काढला. सुटीत घरी नेऊन दाखवला तर बाबा म्हणाले, बाईमाणसासारखा अंबाडा कावून? मी कागद फाडला आणि चुलीत घातला.

मग एका दवाखान्यात औषध कंपनीचं कॅलेंडर सापडलं. त्यावर दगडाची मूर्ती, आणि खाली नाव छापलेलं, म्हणजे बुद्धच. पण याला मिशी! चांगली वळणदार, पोलीस पाटलासारखी. कंपाउंडरला विचारलं, मिशी कशी काय? तो म्हणाला, बाई, आधी नाव सांगा, पेशंट कोण? मी तशीच परत फिरले.

आमच्या हेडमिस्ट्रेसबाईंच्या कपाटात एक मोठं इंग्रजी पुस्तक होतं. त्यात रंगीत चित्रं चिकटवलेली, वर पातळ कागद. ते पुस्तक त्या कोणाच्या हातात देत नसत. हात धुऊन ये म्हणाल्या आणि स्वतः पानं उलटली. लेण्यांमधली चित्रं होती ती. एका पानावर मी थांबले. मुकुट घातलेला, गळ्यात मोत्यांची माळ, हातात कमळ धरलेला एक तरुण, मान जराशी कलती. खरं सांगते, इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलंच नव्हतं. रेघ कुठून निघते आणि कुठं विरते तेच समजेना. नॉर्मल स्कूलची जास्वंद मला त्या दिवसापासून आवडेनाशी झाली. हा बुद्धच का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, बुद्धच, पण अगदी बुद्ध नव्हे, बुद्ध होणारा. आता याचं काय करावं माणसानं? मी आठवणीनं चित्र काढून घरी नेलं. बाबांनी कंदिलाजवळ धरून पाहिलं आणि म्हणाले, हा तर नाटकातला राजा दिसते, यानं राज सोडलं होतं ना?

बरोबरच होतं त्यांचं. राज सोडलं होतं.

दाढ दुखली म्हणून अमरावतीच्या दाताच्या चिनी डॉक्टरकडं गेले, तर त्याच्या कपाटावर चिनी मातीचा एक ढेरपोट्या माणूस बसलेला, तोंड उघडं टाकून हसणारा. हे कोण, म्हणून तोंडात कापसाचा बोळा असतानाच विचारलं. डॉक्टर म्हणाला, बुद्ध. मी घाईनं बोळा काढला आणि पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, वर हसला. त्या रात्री मला झोप लागली नाही, दाढेनं नव्हे, या माणसानं. एकाला मिशी, एकाला मुकुट, एकाला ढेरी. एक ना धड, भाराभर चिंध्या. ज्याच्यासाठी बाबांनी आत्याचं घर तोडलं तो आहे तरी कसा, हे मला सांगणारं कोणी नाही. नागपूरहून वंदना शिकवायला येत त्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, बाई, चित्रात काय आहे, आचरणात पाहा. मला इतका राग आला. आचरण पत्रिकेवर छापता येतं का?

शेवटी सगळं गोळा करून मीच ठरवलं. मिशी नाही, मुकुट नाही. मांडी घातलेली, डावा हात मांडीवर, उजवा हात वर, तळवा समोर. खांद्यावरून गेलेलं वस्त्र. हे सगळं जमलं. डोळ्यांवर गाडी अडली. उघडे काढले की तो रागावल्यासारखा दिसायचा. मिटले की बाबा विचारायचे, झोपला का हा? अर्धे मिटलेले म्हणजे कसे, ते कागदावर येईना. मी खोडत होते, पुन्हा काढत होते, कागदाला भोक पडलं.

रविवारी दुपारी मी घरी ओसरीत अशी डोक्याला हात लावून बसले होते. समोर माय सुपात तुरीची डाळ घेऊन खडे निवडत होती. नजर सुपात, पापण्या खाली, पण डोळ्यांतून एक खडा सुटत नव्हता. मी पेन्सिल उचलली. माय म्हणाली, काय पाहून राहिली माझ्याकडं? मी म्हणाले, हलू नको. तिनं हात थांबवला तर मी ओरडले, हात हलव, मान हलवू नको. डाळ निवडून होईपर्यंत डोळे झाले. इंग्रजी पुस्तकात शोधत फिरले आणि हे घरात होतं, याचं मला हसूही आलं आणि स्वतःची चीडही आली. बाबांनी चित्र पाहिलं. ओसरीच्या कडेला उजेडात नेऊन पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, हा जागा हाय.

आता ठसा. मालक म्हणाले ब्लॉक करून आणायचा तर नागपूरला पाठवावा लागेल, लग्न आलं की जवळ. बाबा म्हणाले, मी कापतो. मालकांनी शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, उंचीचा सागवानी तुकडा दिला. बाबांनी माझा कागद त्यावर खळीनं चिकटवला आणि कामावरून आल्यावर रोज अंगणात बसून कोरायला लागले. जन्मभर पत्रे कापलेला हात, रेघ कुठं सटकली नाही. वस्तीतली माणसं येऊन पाहून जायची. मी सुटी संपवून अमरावतीला गेले. पत्रिका छापून झाल्यावर आले, तर बाबा दारातच उभे, हातात गठ्ठा, चेहरा असा की घरात मुलगा झाल्याची बातमी सांगतात की काय.

मी पत्रिका घेतली. चित्र स्पष्ट आलं होतं, डोळेसुद्धा आले होते. पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग दिसलं. वर केलेला हात डावा होता.

झालं होतं असं. पत्र्यात जे कापतो तेच गठाणीवर उमटतं, सुलट. बाबांना तेच ठाऊक. ठसा कागदावर उलटा उमटतो हे त्यांच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. छापखान्यातल्या मुलानं मजकुराचे खिळे नीट लावले, आणि चित्राचं उलटसुलट त्याला काय ठाऊक? माझ्याही ध्यानात आलं नाही, आणि शिकलेली म्हणून मिरवत होते मीच. बाबांनी विचारलं, गप कावून झाली? सांगावं लागलं.

त्यांना आधी पटेना. समोरच्या माणसाचा उजवा हात आपल्याला डावीकडंच दिसतो, असं ते म्हणाले. मी म्हणाले, तेच तर, इथं तो उजवीकडं आहे. ते म्हणाले, मग बरोबर आहे. मी म्हणाले, नाही. शेवटी मायला मांडी घालून बसवलं, हात वर करायला लावला आणि आम्ही दोघं पत्रिका तिच्या शेजारी धरून पाहत बसलो. माय म्हणाली, कोणता हात करू ते एकदा ठरवून सांगा, भाकरी तव्यावर आहे. तिला हसू आवरेना. बाबा हसले नाहीत. ते आपल्याच दोन्ही हातांकडं पाहत होते. आमच्यात डाव्या हातानं कोणाला पाण्याचा पेलाही देत नाहीत.

मला इतकं वाईट वाटलं की मी चिडले. माझं असंच आहे, रडू आलं की तोंडातून भांडण निघतं. म्हणाले, कोणी पाहिलंय त्याला? एकाला मिशी आहे, एक हसतो, कोणता हात ते कोण छातीवर हात ठेवून सांगणार? बाबा शांतपणे म्हणाले की वस्तीचं त्यांना काही नाही, वस्तीत अर्ध्या वाटूनही झाल्या. पण बाई पाहील. बाईच्या नजरेतून सुटत नाही. म्हणेल, माझे देव बुडवून हा आणला, तो डाव्या हातानं आशीर्वाद देतो.

दुसऱ्या दिवशी ते बसनं दर्यापूरला गेले, तिथून गावाला पायी. रात्री परत आले. माय आणि मी जेवायच्या थांबलो होतो. त्यांनी सांगितलं ते एवढंच. आत्या दारात आली, बस म्हणाली नाही, पाणी दिलं नाही. पत्रिका हातात घेतली. चित्राकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं आणि आत गेली. बाबा जरा वेळ उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि परत फिरले.

लग्न झालं. हळद लावलीच, मायनं कोणाचं ऐकलं नाही. मामा मागं उभा राहिला, पण मुंडावळ्या नव्हत्या. वंदना म्हणताना अर्ध्या मांडवाचं चुकत होतं, उरलेले त्यांच्यामागून चुकत होते. पत्रिकेचं मात्र सगळ्यांनी कौतुक केलं, हाताचं कोणी बोललं नाही. मांडवात बाबा एका जागी बसले नाहीत. दर्यापूरकडून कोणी आलं की उठून रस्त्यापर्यंत जात. आत्या आली नाही. निघताना मी त्यांच्या गळ्यात पडून रडले ते सासरी जायचं म्हणून, असं सगळ्यांना वाटलं. मला त्यांचं वाईट वाटत होतं.

पुढं आम्ही दोघं माहेरी पहिल्यांदा आलो तेव्हा मी हट्ट धरला की गावी जाऊ, आत्याच्या पाया पडू. हे म्हणाले, चला. बाबा नाही नाही म्हणत शेवटी निघाले. आत्या ओट्यावर बसली होती. मी वाकले, तिनं पाठीवर हात ठेवला, जावयाला आत बोलावलं. बाबा बाहेरच थांबले. मला राहवलं नाही. आत्या, लग्नाला का नाही आलीस, म्हणून सरळ विचारलं.

"राग होता," ती म्हणाली. "अजूनबी हाय."

एवढं बोलून ती पाणी आणायला आत गेली. मी तिच्यामागं गेले. घरात अंधार होता, डोळे सरावायला वेळ लागला. मग कोनाडा दिसला. आमची पत्रिका तिथं भिंतीला टेकवून उभी केली होती. चित्राच्या कपाळावर कुंकू, पुढं गुळाचा खडा, त्याला लागलेल्या मुंग्या. रोज ठेवत असणार, कारण कागदाचा तो भाग कुंकवानं पार लाल झाला होता.

बाबांना मी हाक मारली. ते उंबऱ्यावर आले, तिथूनच त्यांना दिसलं. देव मानणार नाही, पूजा करणार नाही, असं नागपूरला हात वर करून बोलून आलेला माणूस तो. कुंकू पुसायला सांगावं की हात जोडावेत, त्यांना काही सुचेना. मलाही सुचेना. ते कसंबसं म्हणाले, "बाई, याची अशी पूजा नाई करत."

आत्यानं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं धरला. त्या घरचं पाणी त्यांना दोन वर्षांनी मिळत होतं.

"तू मायावाले देव मले न विचारता पान्यात सोडले," ती म्हणाली. "म्या तुयावाला ठेवला."

बाबांनी तांब्या घेतला. पाणी सदऱ्यावर सांडलं, आणि एवढा मोठा माणूस तिच्या पायाशी बसून हमसून हमसून रडायला लागला.